चौदा दिवसांची गैरहजेरी

खातीपुऱ्यात आम्ही भाड्यानं राहायचो त्या दोन खोल्यांच्या मागं बाभळीचं रान होतं आणि त्या रानात मोर होते. जयपूरच्या मोरांचं कौतुक बाहेरून येणाऱ्यांनी करावं. रोज पहाटे त्यांच्या ओरडण्यानं ज्यांना जाग येते त्यांना विचारा. मोराचं ओरडणं लांबून ऐकलं की कुणी बाई कुणाला तरी हाका मारतेय असं वाटतं. पहिल्या वर्षी आई दर हाकेला दारात जाऊन बघायची. मग तिला सवय झाली आणि अवघ्या खातीपुऱ्यासारखं तिलाही ते ऐकू येईनासं झालं. अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत हवालदार. बदली जयपूरला झाली तेव्हा क्वार्टर मिळायला वेळ होता म्हणून हे घर घेतलं, आणि क्वार्टर काही शेवटपर्यंत मिळालं नाही. आई साताऱ्याकडची. तिची कांदा-लसणाची चटणी अण्णांच्या काळ्या ट्रंकेत, इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलेली असायची, त्यामुळे परेडला जाताना अण्णांच्या अंगाला चटणीचा वास यायचा आणि त्यांचे साहेब त्यांना भूक लागल्यासारखे हुंगायचे, असं ते स्वतःच सांगून हसायचे. घरात बाजरीची भाकरी, झुणका, आणि शेजारच्या चाचीकडून आलेली ताकातली राबडी. चाचीला आमचं बोलणं निम्मं कळायचं, आईला चाचीचं पाव, तरी दोघींच्या गप्पा दुपारभर चालायच्या.

शाळा रुळांच्या पलीकडे, वीस मिनिटांच्या अंतरावर होती. मुलींची शाळा, दुमजली, आजूबाजूला मोकळं रान. नववीत मी मॉनिटर होते. हुशार होते म्हणून नव्हे, आवाज मोठा होता म्हणून. आमच्या वर्गाच्या बहनजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि तो त्या लपवत होत्या. तिसऱ्या ओळीच्या पुढचं त्यांना दिसत नाही हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. त्यामुळे हजेरी मी घ्यायची, रजिस्टर मी भरायचं आणि त्यांनी खाली सही करायची अशी पद्धत पडली होती. चौदाव्या वर्षी हातात रजिस्टर आलं की माणूस स्वतःला कलेक्टर समजतो. मीही समजत होते.

खरं सांगायचं तर हे प्रकरण मी लिहिणार नव्हते. गेल्या वर्षी शाळेनं स्मरणिका काढायची ठरवली आणि माजी विद्यार्थिनींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक जुनं, पिवळं पडलेलं कात्रण टाकलं. चपराशीबाईनं एका मुलीला शाळेत कोंडलं, अशी बातमी. दोन दिवस ग्रुप पेटला. निम्म्या म्हणाल्या ही शाळेची बदनामी आहे, निम्म्या म्हणाल्या शाळेनं माफी मागावी. मग स्मरणिकेचं काम बघणारी भाग्यश्री माझ्याकडे आली. ती नाशिकची, सीतापुऱ्यात कुठल्याशा कंपनीत नोकरी, मुलगी आमच्याच शाळेत. माझ्या वर्गातलं प्रकरण आणि मी मराठी, म्हणून तिला धीर आला असावा. "काकू, तुम्ही तेव्हा वर्गात होता. एक पान लिहून द्या ना," ती म्हणाली. "मतलब, कुणावर आरोप नको, पण लपवाछपवीही नको. दोन्ही बाजू आल्या पाहिजेत." मी हो म्हणाले. दोन्ही बाजूंना काय झालं ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

त्या वर्षी शिवणाच्या तासाला प्रत्येकीनं एक रुमाल स्वतः भरायचा होता. निम्म्या रुमालांवर आयांचे आणि मावश्यांचे टाके होते. माझ्या रुमालावरचं कमळ चाचीनं भरलं होतं. बहनजींनी रुमाल डोळ्यांशी धरून धरून बघितले आणि पहिल्या बाकावरच्या सरोजला विचारलं, "ये सब तुम लोगों ने खुद बनाए हैं?" सरोज हडकुळी, दोन वेण्यांची, फारसं कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "नहीं, बहनजी." झालं. ज्यांचे टाके दुसऱ्यांचे होते त्यांनी तिथंच बसून ते उसवायचे, असा हुकूम सुटला. चाचीच्या कमळाच्या पाकळ्या मी एकेक करून उसवल्या. मला रडू आलं ते कमळासाठी नव्हे, चोरी पकडली गेली म्हणून. सुटी झाल्यावर उषा, जी वर्गाची खरी मालकीण होती, जिन्यात उभी राहून म्हणाली, "कल से सरोज गैरहाजिर है."

ही आमच्या शाळेतली जुनी रीत. जिला गैरहजर ठरवलं ती नाही असं समजायचं. तिच्याशी बोलायचं नाही एवढंच नव्हे, तिच्याकडे बघायचं नाही, तिच्या बाकावर दप्तर ठेवायचं, ती मध्ये उभी असली तरी तिच्या आरपार एकमेकींशी बोलायचं. मी स्वतः आदल्या वर्षी दीड दिवस गैरहजर होते, लोणच्यावरून. दुसऱ्या दिवशी दुपारी मी उषाच्या पाया पडायची बाकी राहिले होते. तेव्हा ते कसं वाटतं हे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. सरोजनं माफी मागितली नाही. "झूठ तो मैंने बोला नहीं," एवढंच ती पहिल्या दिवशी म्हणाली, आणि ते ऐकलं नाही असं आम्ही दाखवलं.

तिला शेवटच्या बाकावर ढकललं होतं. सकाळी मी हजेरीत तिचं नाव घेतलं. "जी, बहनजी," ती मागून म्हणाली, आणि त्याच वेळी एकतीस मुलींनी एका सुरात म्हटलं, "गैरहाजिर." बहनजींनी मला विचारलं, "नहीं आई?" मी मान हलवली आणि तिच्या नावापुढे 'अ' लिहिलं. मोठ्या आवाजापुढे बारीक आवाज ऐकू येत नाही, याची सोय आपोआप झाली होती. चौथ्या दिवशी सरोज बहनजींच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. वह्यांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता त्या "बाद में" म्हणाल्या. ती थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली.

आता जे सांगणार आहे ते आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ऐकणारा मला वेड लागलंय म्हणेल किंवा ही म्हातारी सारवासारव करतेय म्हणेल. पहिले दोन-तीन दिवस नाटक करावं लागतं. नजर वळवायला कष्ट पडतात, हसू येतं, मान अवघडते. सहाव्या-सातव्या दिवसापासून कष्ट पडेनात. नजर आपोआप तिच्यावरून पुढे सरकायची. एकदा पाण्याच्या माठापाशी माझा खांदा कशाला तरी जोरात लागला. दाराची चौकट लागली असेल असं समजून मी वळून पाहिलं, तर चौकट चार हात लांब होती आणि माठाशी कुणी नव्हतं. पण माठावरचं झाकण काढलेलं होतं आणि खाली पाणी सांडलेलं होतं. हजेरीच्या वेळचं "जी, बहनजी"सुद्धा हळूहळू ऐकू येईना. ती म्हणायचीच थांबली असेल असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. दहाव्या दिवशी वर्गातली एक मुलगी मला खरोखरच म्हणाली, "सरोज बीमार है क्या? कितने दिन से दिखी नहीं." तिनं हे चेष्टेनं विचारलं नव्हतं. मीसुद्धा "पता नहीं" असंच उत्तर दिलं.

मग शीतळासप्तमी आली. आपल्याकडे ती श्रावणात. इकडे होळीनंतर आठवड्याभरात. सप्तमीला रात्रीपर्यंत रांधून ठेवायचं आणि अष्टमीला चूल न पेटवता सगळं थंड खायचं. अष्टमीला चाकसूला देवीची जत्रा, म्हणून शाळेला सुटी. सप्तमीला शाळा दुसऱ्या तासानंतरच सोडली. फाटकाशी मी मुली मोजल्या, एकतीस भरल्या, रजिस्टरशी ताळा जमला. मनभरीबाई, आमची चपराशीबाई, किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली आणि तिनं विचारलं, "सगळी छोरियाँ निकळगी कांई?" मी म्हटलं, "हाँ." तिचे गुडघे दुखायचे. खोल्यांत न डोकावता तिनं वरची दारं ओढून घेऊन कुलपं लावली, खालची लावली आणि मागच्या वाटेनं घरी गेली.

आई मला न्यायला येणार होती, बाजारातून बाजरीचं पीठ घ्यायचं होतं. ती आली तेव्हा मैदानात चिटपाखरू नव्हतं. वारा गरम होता, धूळ उडत होती. ती फाटकाशी थांबली आणि माझ्या डोक्यावरून वर बघत राहिली. "शैले," ती म्हणाली, "ती वरच्या खिडकीत कोन हाय गं पोरगी?"

मी वळून पाहिलं. ती शिवणाच्या खोलीची खिडकी होती. "कुठं?"

"ती काय. दोन येण्यांची. गजाला धरून हुबी हाय की."

"तिथं कुणी न्हाई, आई."

मी आईशी खोटं बोलत नव्हते. पाच गज होते, निळा रंग उडालेला होता आणि गजांच्या मागं अंधार होता. आईनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. पोरगी खोटं बोलते की खरं हे ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नसता, आणि तिला दिसलं की मी खरं बोलतेय. मग तिनं माझं मनगट घट्ट पकडलं आणि मागं न बघता ती चालू लागली. जे एकीला दिसतं आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसरीला दिसत नाही, त्याचा अर्थ आईच्या गावात एकच होता. त्यात आईची चूक काय म्हणायची? तिनं तिच्या लेकीवर विश्वास ठेवला.

पीठ न घेताच आम्ही घरी आलो. उंबऱ्याबाहेर उभं करून तिनं माझ्यावरून मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या उतरवल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या, धूर झाला, पण ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर. आईचा चेहरा उतरला. तिनं संध्याकाळभर दशम्या केल्या, चाचीकडून मागून आणलेल्या पिठाच्या, दुधात भिजवलेल्या.

अष्टमीची ती सकाळ मला अजून आठवते. एकाही घरातून धूर नाही, भांड्यांचा आवाज नाही, सगळी गल्ली गारठल्यासारखी. मोर मात्र थांबत नव्हते. त्या दिवशी ते शाळेच्या बाजूला फार ओरडत होते, आणि कधी नव्हे ती आई पुन्हा उठून दाराशी गेली. नंतर आम्ही चाचीबरोबर बसनं चाकसूला गेलो. डोंगरीच्या पायऱ्यांवर माणसांची रीघ, प्रत्येकीच्या हातात थंड पाण्याचा तांब्या आणि राबडीचं गाडगं. आईनं देवीपुढे राबडी ठेवली, गुळाचे तळलेले पुए ठेवले, आणि मग पदराखालून एक वेगळी बांधलेली दशमी काढून पायरीच्या कडेला ठेवली. चाचीनं विचारलं, ही कुणाच्या वाटची? आई म्हणाली, "खिड़की वाली लड़की के लिए. भुकी असंल बिचारी, म्हणून दिसती."

तिसऱ्या दिवशी सकाळी मनभरीबाईनं शिवणाच्या खोलीचं कुलूप काढलं. सरोज खिडकीखाली भिंतीला टेकून बसलेली होती. त्या चौदा दिवसांत ती रोज डबा खायला तिथं जायची, कारण तिथं कुणी तिच्या मांडीवर दप्तर ठेवत नव्हतं. सप्तमीला ताप होता म्हणून ती शिलाई मशीनमागं आडवी झाली आणि शाळा लवकर सुटणार हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. खोलीत पाण्याचा माठ होता, त्यावर ती तगली. तिचा आवाज पार गेला होता. रानापलीकडचे लोक नंतर म्हणाले, हाका ऐकू आल्या होत्या, आम्हांला वाटलं मोर आहेत.

खरी आफत तर त्यानंतर सुरू झाली. पोरगी घरी आली नाही म्हणून तिचा बाप सप्तमीलाच बहनजींकडे गेला होता. बहनजींनी दप्तरातून रजिस्टर काढून त्याच्यापुढे धरलं. चौदा दिवस 'अ'. रोज सकाळी वेणी घालून, डबा घेऊन घरातून निघणारी मुलगी शाळेत पोचतच नव्हती, असं त्या कागदावरून दिसत होतं. मग तिला स्टेशनवर शोधलं, बस अड्ड्यावर शोधलं, शाळेत कुणी शोधलं नाही. ती सापडल्यावर तरी हे मिटावं? चौकशी समितीनं रजिस्टर बघितलं आणि लिहिलं की मुलगी शाळेत येत नव्हती, सुटीत लपून शिरली असावी. वर्तमानपत्रानं मनभरीबाईला धरलं आणि तिची नोकरी गेली. आणि सरोजच्या गल्लीत लोक एकच विचारत राहिले, चौदा दिवस ही जात कुठे होती? तिचं शाळेचं नाव कापलं ते कायमचं. दोन महिन्यांत तिचं लग्न लावून दिलं, मिळेल त्या घरी. हे सगळं माझ्या अक्षरातल्या चौदा 'अ'वर उभं होतं.

आईला कळलं तेव्हा ती निवडायला घेतलेलं सूप खाली ठेवून माझ्यासमोर बसली. "शैले, तवा तू मला काय म्हनलीस?" मग तिनंच उत्तर दिलं, "तू न्हाई बघितलंस. मंग मी बी न्हाई बघितलं. कुनापाशी बोलायचं न्हाई." त्यानंतर आईनं कधीच कुणाची दृष्ट काढली नाही. माझ्या मुलीच्या बारशालाही नाही. सगळ्यांनी आग्रह केला तर उठून आत गेली.

तर ते एक पान लिहायला मला तीन आठवडे लागले. कागदाला भिऊन वागणारी बाई नाही मी, पण हा कागद मला नको झाला होता. मनभरीबाईचा दोष नव्हता हे लिहिलं. रजिस्टर खोटं होतं आणि ते मी भरलं होतं हे लिहिलं. उषाचं नाव काढून टाकलं, कारण एकतीस जणी होतो आणि एकीला पुढं करणं मला सोयीचं झालं असतं. तरी तिनं फोनवर मला झापलंच, "बच्चियाँ थीं हम. अब कुरेदने से क्या मिलेगा?" मी म्हटलं, तुला काही मिळणार नाही. शेवटी सगळं जुळवून मी एक वाक्य घातलं: सरोज आत राहिली आहे हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. वाक्य मला आवडलं. त्यात कुणावर अन्याय नव्हता. भाग्यश्री म्हणाली, "काकू, एकदम बॅलन्स्ड झालंय."

पण सरोजला न दाखवता ते छापायला द्यायची माझी हिंमत झाली नाही. तिची भाची त्या ग्रुपवर होती, तिनं पत्ता दिला. सरोज चाकसूलाच राहते. मी बसनं गेले. मला ती ओळखू येईल का, याची भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू, मला ती दिसेल का याचीच भीती वाटत होती. दार एका जाड, पांढऱ्या केसांच्या बाईनं उघडलं. ती मला बघून हसली नाही आणि रागावलीही नाही. "शैला," ती म्हणाली, "आवाज वही है तेरी." मी तर तोवर फक्त "घरात कुणी आहे का" एवढंच हिंदीत विचारलं होतं.

तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि चष्मा लावून माझा कागद वाचायला घेतला. हिंदीत लिहिला होता. 'सरोज चौदाही दिवस वर्गात हजर होती' या ओळीशी ती थांबली आणि तिनं सुनेला बाहेर बोलावलं. "पढ़," ती म्हणाली, "ज़ोर से पढ़." सुनेनं मोठ्यानं वाचलं. सरोजनं तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "मैं रोज़ बोलती थी. आख़िरी दिन तक बोली." सून आत गेली.

मग ती शेवटच्या वाक्यापाशी आली आणि तिनं कागद माझ्यापुढे सरकवला. "ये काट दो."

"कौन-सा?"

"किसी का ध्यान नहीं गया. तू तो देख रही थी. तेरी माँ साथ में थी, हरी साड़ी में. मैं चिल्लाने ही वाली थी, तब तूने मेरी तरफ़ हाथ उठाया. मुझे लगा, मॉनिटर है, चाबी लाने जा रही है. इसलिए मैं चुप रही. शाम तक चुप रही, कि अब आएगी." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "जब चिल्लाई, तब कोई था नहीं."

आईची साडी हिरवी होती. आणि तिथं कुणी नाही हे आईला दाखवायला मी हात वर केला होता, पाचही बोटं उघडून, रिकाम्या खिडकीकडे. इतक्या वर्षांत तो हात मला एकदाही आठवला नव्हता. मी सरोजला सांगायला तोंड उघडलं की मला तू दिसली नव्हतीस, खरंच दिसली नव्हतीस, आणि माझ्या लक्षात आलं की हे ऐकून तिचं काहीच भलं होणार नाही, फक्त माझं होईल. मी पेन काढलं. ते वाक्य खोडलं आणि तिच्यासमोर दुसरं लिहिलं, माझ्या नावासकट: सरोज खिडकीत उभी होती आणि मॉनिटर शैलानं तिला पाहिलं होतं.

सरोजनं शब्दांखाली बोट धरून ते वाचलं. "अब ठीक है," ती म्हणाली, आणि चहा निवतोय म्हणून मला टोकलं. स्मरणिकेत ते तसंच छापून आलं. उषा माझ्याशी बोलत नाही, भाग्यश्रीनं विचारलं की काकू, हे खरं का, आणि मी हो म्हटलं. डोळे मिटले की मला मात्र आजही पाच गज दिसतात, उडालेला निळा रंग दिसतो, आणि त्यांच्यामागं कुणीही नसतं.